मेक्सिकोतला 1926 आणि आपला 1910: सुधारणेचा कायदा आदिवासी गावात पोचतो तेव्हा

कुशावतीकाठ

नमस्कार मंडळी. गोव्यातल्या हिंदू घरांत 5 ऑक्टोबर 1910 ही तारीख अजून आदराने सांगतात. लिस्बनमध्ये राजा गेला, प्रजासत्ताक आले, 20 एप्रिल 1911 ला चर्च आणि राज्य यांची फारकत करणारा कायदा झाला. चारशे वर्षे दुय्यम म्हणून जगलेल्या माणसाला सरकारी कचेरीत अर्ज करताना धर्म आडवा येईनासा झाला. वर्तमानपत्रे निघाली, वाचनालये उभी राहिली, मराठी शाळांना बळ आले. हे सगळे खरे आहे आणि त्याचे मोल मी कमी करत नाही.

पण हेच प्रजासत्ताक पोर्तुगालच्या उत्तरेकडच्या शेतकऱ्याला वेगळे दिसले. त्याच्या गावची मिरवणूक, घंटा, शाळेतली प्रार्थना यांवर निर्बंध आले. बिशपांना हद्दपार केले गेले. 1917 साली फातिमा नावाच्या गावात तीन गुराखी मुलांना मेरीचे दर्शन झाल्याची बातमी पसरली, तेव्हा तिथल्या प्रशासकाने त्या पोरांनाच उचलून नेऊन काही दिवस अडकवून ठेवले. कायदा तोच, सरकारही तेच. फोंड्याच्या माणसाला त्याने दार उघडले आणि तिकडच्या खेडुताच्या दाराला कडी घातली.

याहून टोकाचे उदाहरण मेक्सिकोचे आहे, आणि धागा काढण्याचे कारण तेच. तिथली गोष्ट 1926 पासून सांगतात, पण ती सत्तर वर्षे आधी सुरू होते. 1856 चा लेर्दो कायदा आणि पाठोपाठ 1857 ची घटना. उद्देश असा की चर्चने शतकानुशतके अडकवून ठेवलेली जमीन मोकळी व्हावी, ती खासगी मालकीत यावी, देश पुढे जावा. त्यासाठी कायद्याने म्हटले की कोणत्याही सामूहिक संस्थेला जमीन धरता येणार नाही. चर्च ही संस्था होतीच. पण आदिवासी गावही कायद्याच्या नजरेत संस्थाच ठरले! गावाची सामाईक कुरणे, राने, पाणथळ जागा यांचे तुकडे झाले आणि ते तुकडे हासिएंदांच्या, म्हणजे बड्या जमीनदारांच्या शेतवाड्यांच्या, घशात गेले. या सुधारणेचे थोर नेते बेनितो हुआरेझ स्वतः झापोतेक आदिवासी घरात जन्मलेले. हेतूवर शंका घ्यायला जागा नाही. तरीही फटका कोणाला बसला ते पाहा.

मिचोआकान राज्यातले नारांहा हे पुरेपेचा आदिवासींचे गाव घ्या. गावाशेजारी मोठी दलदल होती. तिच्यात मासे, पाणपक्षी, आणि चटया विणायला लव्हाळे. गावच्या बायका-पुरुषांचे हात त्या लव्हाळ्यावर चालायचे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बाहेरच्या भांडवलदारांनी ती दलदल उपसली, सुपीक काळी जमीन वर आली, आणि तिथे हासिएंदा उभी राहिली. ज्यांची दलदल, ते परगावी मजुरीला जाऊ लागले. आपल्या खाजनांची, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतांची, बांदवळ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना पाणथळ जागेवर गाव कसा जगतो हे वेगळे सांगायला नको. पुढे प्रिमो तापिया नावाच्या गावच्याच माणसाने लढून 1924 साली ती जमीन गावाला परत मिळवून दिली. 1926 मध्ये त्याला मारले.

आणि त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष काय्येस यांचा धर्मविषयक कायदा अमलात आला. पाद्र्यांनी सरकारदरबारी नोंद करायची, किती पाद्री असावेत ते राज्य सरकार ठरवणार, कॉन्व्हेंटे बंद. 31 जुलै 1926 ला बिशपांनीच देशभर चर्चमधली सार्वजनिक उपासना थांबवली. मग 1929 पर्यंत क्रिस्तेरोंचे, म्हणजे चर्चच्या बाजूने उठलेल्यांचे, बंड. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे 90,000 माणसे मेली असे साधारणपणे मानतात. या लढाईत सरकारने कोणाला बंदुका दिल्या? ज्यांना नुकती जमीन दिली होती त्या शेतकऱ्यांना. एकाच गावात एक भाऊ जमिनीसाठी सरकारकडे, दुसरा संतासाठी बंडखोरांकडे. पुरेपेचा गावे अशी मधोमध चिरली गेली.

तह झाल्यावरही राज्या-राज्यांतल्या मोहिमा थांबल्या नाहीत. ताबास्कोत गव्हर्नर गारिदो कानाबाल यांनी लग्न झालेल्या पाद्र्यालाच काम करण्याची मुभा ठेवली, कबरींवरचे क्रूस काढले, संतांच्या जत्रांच्या जागी शेतमालाची प्रदर्शने भरवली. सोनोरात 1934 च्या सुमारास मायो आदिवासींची लहान लहान देवळे पेटवली, आतल्या लाकडी मूर्ती जाळल्या. चियापासमध्ये त्याच काळात पोरांनी पारंपरिक कपडे टाकून विजार घालावी म्हणून शाळांतून मोहीम चालली. लोकांनी संतांच्या मूर्ती डोंगरात, घरात, गुहेत लपवल्या.

मला पडलेला प्रश्न असा. मायोंच्या देवळात पाद्री क्वचितच यायचा. ती देवळे गावाने चालवलेली, सण गावाने लावलेले, मूर्ती गावाच्या. चर्चची सत्ता मोडायला निघालेल्या माणसाला चर्च आणि गाव यांतला फरक दिसलाच नाही. गोव्यात 1910 नंतर असे झाले नाही असे आपण मानतो. खरेच झाले नाही का? की आपल्याकडे ते वेगळ्या वाटेने झाले, आणि वेळीप, कुणबी, गावडे या आदिवासी समाजांना सोडून बाकीच्यांच्या नजरेत आले नाही?

*

डिचोलीचा वाचक

लेख आवडला, पण एक गोष्ट ठासून सांगायला हवी. गोव्यात धर्माच्या नावाने गावात शिरण्याचे काम प्रजासत्ताकाच्या फार आधी होऊन गेले होते, आणि ते पाद्री व राजा यांनी मिळून केले. साष्टीतली देवळे 1567 साली पाडली. मंगेशी कुशस्थळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळोशीहून कवळ्याला, असे देव रातोरात नदीपलीकडे गेले. 1736 च्या इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, फर्मानात तर नव्या ख्रिस्तावांनी अंगणात तुळस लावू नये, लग्नात जुनी गाणी म्हणू नयेत, धोतर नेसू नये, इथपर्यंत मनाई होती. माणसाने काय नेसावे हे सांगणारे सरकार आपण चियापासच्या आधी दोनशे वर्षे पाहिले आहे.

तेव्हा 1910 ची सुटका ही कागदावरची सुटका नव्हती. धर्म राज्यापासून वेगळा झाला नसता तर पुढचे काहीच झाले नसते. मेक्सिकोच्या अतिरेकाचे उदाहरण देऊन कोणी ‘म्हणून सेक्युलर राज्य वाईट’ असे म्हणू नये, एवढीच काळजी वाटते.

*

कुशावतीकाठ

तसे कोणी म्हणू नये हे मलाही वाटते. राज्य आणि धर्म वेगळे असावेत याबद्दल माझ्या मनात शंका नाही. माझे बोट दुसरीकडे आहे. धर्मपीठाची सत्ता काढताना गावाच्या हातातली सत्ताही काढून घेतली जाते, आणि ती चर्चकडून गावाकडे न येता कचेरीकडे जाते.

*

डोंगरवाट

मी काणकोणातला, वेळीप समाजाचा. सहसा इथे नुसता वाचतो. आज लिहावेसे वाटले, कारण कुशावतीकाठ मास्तरांनी शेवटी आमचे नाव घेतले.

डिचोलीकर दादा म्हणतात ते बरोबर आहे, 1910 ने दार उघडले. पण त्या दारातून आत कोण गेले ते बघा. ज्याला पोर्तुगीज किंवा मराठी लिहिता वाचता येत होते, ज्याच्या नावावर भाट-कुळागर होते, तो गेला. आमच्या आजोबांच्या पिढीला अर्ज म्हणजे काय तेच माहीत नव्हते.

आणि कायदा आमच्या देवापर्यंत 1910 च्या आधीच आला होता. 1886 चा माझानींचा, म्हणजे देवळाच्या म्हाजनांच्या मंडळांचा, कायदा, नंतर 1933 ची सुधारणा, तो आज देवस्थान नियमावली म्हणून चालतो. त्याने देवळाची व्यवस्था शिस्तीत आणली हे मान्य. हिशेब, दागिन्यांची यादी, निवडणूक, वर मामलेदाराची देखरेख. पण त्यासाठी आधी यादी केली: या देवळाचे म्हाजन कोण. ज्यांची नावे त्या यादीत लागली ते कायद्याने मालकासारखे झाले. ज्या देवाला आमच्या पूर्वजांनी रानात पहिला दिवा लावला, त्याच देवाच्या देवळात आमचा मान आहे पण मत नाही, अशी देवळे दक्षिणेत आहेत. मी कोणत्या देवळाचे नाव घेत नाही, भांडण वाढवायचे नाही. उत्सवात पहिला मान वेळीपाचा, अवसर आमच्या माणसाच्या अंगात, आणि सभेत बसायला खुर्ची नाही. मान रूढीने दिलेला होता. कागदाने तो काढला नाही, पण कागदात तो धरलाही नाही. कागद तेवढा टिकतो.

दुसरे कुमेरीचे. डोंगर उतारावर राब करून नाचणी, वरी, तूर पेरायची, दोन-तीन वर्षांनी ती जागा सोडायची आणि रान परत वाढू द्यायचे. कुठला उतार कोणत्या वर्षी, हे गावचा बुधवंत म्हणजे प्रमुख आणि वेळीप म्हणजे पुजारी मिळून ठरवत. आधी देवाला कौल लावायचा. ओल्या पाकळ्या पाषाणावर चिकटवतात, उजवी पडली की होकार. बाहेरच्या माणसाला ही अंधश्रद्धा वाटेल. पण त्या पाकळीच्या निमित्ताने अख्खा वाडा एका जागी बसायचा. कोणाच्या घरी खाणारी तोंडे किती, कोणाचा बैल मेला, कोणाला यंदा जवळचा उतार द्यायचा, हे सगळे तिथेच बोलून व्हायचे. पोर्तुगीज काळात कुमेरीवर बंधने होती. मुक्तीनंतर वनखात्याने ती बंदच केली, ‘मागास शेती, रानाचा नाश’ म्हणून. मग 1960 च्या दशकाच्या शेवटी खोतीगावचे अभयारण्य झाले. पाकळी लावायचे कारणच उरले नाही. आता देवाला कौल विचारतात तो पोराच्या लग्नाचा नाहीतर नोकरीचा. गावाचा कौल गेला, घराघराचा उरला.

नव्याची पुनव मात्र आम्ही अजून सोडलेली नाही. भाताचे पहिले कणीस देवाला गेल्याशिवाय कोणी विळा लावत नाही.

*

विवेकवाट

डोंगरवाट, तुम्ही लिहीत राहा. माझा आक्षेप मूळ लेखावर आहे.

मी मडगावात राहतो, मूळ कोल्हापूरचा. अंधश्रद्धेविरुद्धच्या कामात उमेदीची वर्षे घालवली आहेत. मेक्सिकोची गोष्ट सांगताना शाळामास्तरांची बाजू राहून गेली. 1920 च्या दशकापासून तिथले ग्रामीण शिक्षक खेड्यांत गेले, मुलांना लिहायला शिकवले, विहिरी स्वच्छ केल्या, जमिनीचे अर्ज लिहून दिले. 1930 च्या दशकात त्यांच्यातल्या कितीतरी जणांचे धर्मरक्षणाच्या नावाखाली कान कापले गेले, काहींना जिवे मारले. त्या मास्तरांना कोणी बोलावले नव्हते म्हणून त्यांनी जाऊ नये होते का? हासिएंदावर कर्जापायी पिढ्यानपिढ्या वेठीला जुंपलेला आदिवासी आणि त्याला ‘सोसत राहा, स्वर्गात मिळेल’ म्हणणारा पाद्री, हे चित्रही खरे आहे.

आणि आपल्याकडे बघा. रूढीने दिलेला मान म्हणता, त्याच रूढीने कितीजणांना देवळाच्या पायरीखाली उभे केले. राज्याने हात घातला नसता तर ती पायरी आजही तशीच असती. शिशारान्नीचा प्रश्न विचारू का? तीन माणसांची डोकी चुलीच्या दगडांसारखी मांडून वर भात शिजवायचा, ही प्रथा तुमच्याच तालुक्यातली. याला हात लावायचा नाही?

*

डोंगरवाट

विचारा, का नाही विचारायचे. जे बसतात ते स्वतःच्या घराण्याचा मान म्हणून बसतात, कोणी धरून बसवत नाही. उद्या कोणाला नको वाटले तर त्याने उठावे आणि गावाने ते ऐकावे, या मताचा मी आहे. आमच्यातली शिकलेली पोरे या गोष्टींवर आपसात बोलतात. ते बोलणे आमच्यात होऊ द्या. बाहेरून पोलिसाची गाडी आली की बोलणारा पोरगाही गप्प बसतो, कारण मग तो गावाविरुद्ध गेला असा अर्थ होतो. आणि पायरीचे म्हणाल तर त्या पायरीखाली आम्हीही उभे राहिलो आहोत. ती पायरी कायद्याने काढली त्याबद्दल आम्हाला कोणी शिकवायला नको.

*

कुशावतीकाठ

विवेकवाट, शिक्षकांबद्दल तुमचे म्हणणे शंभर टक्के मान्य. त्यांच्याबद्दल लिहायलाच हवे, कारण या गोष्टीतली खरी तेढ त्यांच्याच अंगावर निभावली गेली. डिसेंबर 1934 मध्ये मेक्सिकोने घटनेत बदल करून शिक्षण ‘समाजवादी’ केले. वर बसलेल्यांनी मास्तरांच्या हातात दोन कामे एकदम दिली: जमिनीचा अर्ज लिहा, आणि संतांची पूजा सोडवा. पहिल्या कामासाठी गाव त्याच्याभोवती जमायचे, दुसऱ्यासाठी तेच गाव पाठ फिरवायचे.

पुढे काय झाले ते मला फार महत्त्वाचे वाटते. लासारो कार्देनास 1934 ला राष्ट्राध्यक्ष झाले. तेही धर्मपीठाच्या बाजूचे नव्हते. पण त्यांनी हळूहळू मूर्ती जाळण्याच्या मोहिमांतून हात काढला. 1935 मध्ये गारिदो देशाबाहेर गेले, एप्रिल 1936 मध्ये खुद्द काय्येस यांना विमानात बसवून बाहेर पाठवले. आणि सहा वर्षांत सुमारे 1 कोटी 80 लाख हेक्टर जमीन वाटली, तीही बहुतांशी एहिदो म्हणून, म्हणजे गावाच्या सामाईक ताब्यात. याकी आदिवासींना त्यांच्या नदीकाठच्या जमिनीचा मोठा पट्टा परत मिळाला. शाळा चालू राहिल्या. शिक्षकांवरचे हल्ले लगेच थांबले नाहीत, पण पुढे ते विझत गेले. संत घरी परतले आणि पोरे शाळेत गेली, दोन्ही एकदम झाले.

म्हणून ‘राज्याने हात घालायचा की नाही’ असा प्रश्न मी मांडत नाही. माणसाला माणसाच्या जाचातून सोडवायला राज्याने हात घालावाच. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदाही ठरावीक अघोरी कृत्यांची यादी देतो, देव मानू नका असे म्हणत नाही. तो कायदा यावा म्हणून डॉ. दाभोलकरांनी वर्षानुवर्षे गावोगाव बोलणी केली आणि शेवटी प्राण दिले. ती वाट आणि मायोंचे देऊळ पेटवणारी वाट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

*

विवेकवाट

या मांडणीशी माझे भांडण नाही. फक्त एक: ‘गावाने ठरवावे’ म्हणताना गावात बायकांचे मत कोण विचारतो, हेही कोणीतरी लिहा.

*

बर्फवारा

थोडे दूरचे उदाहरण, पण विषयाला धरून. नोकरीनिमित्त काही वर्षे रशियात होतो, तेव्हा सायबेरियातल्या काझीम नदीकाठच्या खांती लोकांबद्दल वाचनात आले. 1930 च्या आसपास सोव्हिएत सरकारने तिथे ‘संस्कृती केंद्र’ बांधले: दवाखाना, दुकान, आणि निवासी शाळा. मुले आईबापांपासून काढून शाळेत ठेवली. शामानांचे, म्हणजे त्यांच्या देवऋषींचे, मताचे हक्क काढून घेतले. आणि नुमतो नावाच्या तळ्यात, जिथे मासे मारणे त्यांच्यात निषिद्ध, सरकारी मासेमारीची टोळी उतरवली. 1933 च्या अखेरीस बंड झाले, समजवायला आलेल्या सरकारी माणसांना ठार केले, मग फौज आली आणि 1934 मध्ये सगळे चिरडले गेले.

मुले आणि तळे, ही त्यांच्या उठावाची मोठी कारणे होती.

त्याच वर्षांत कझाक पशुपालकांना सक्तीने एका जागी वसवले, जनावरे काढून घेतली, मुल्लांना तुरुंगात टाकले. 1930 ते 1933 च्या दुष्काळात सुमारे 15 लाख माणसे मेली, त्यांत बहुतेक कझाक. यावर वेगळा धागा हवा.

*

चांदराची लेक

विवेकवाट यांनी बायकांचे विचारले म्हणून लिहिते. मी गावड्यांची, नवहिंदू. 1928 साली मसूरकर महाराजांच्या पुढाकाराने झालेल्या शुद्धीत माझी पणजी ख्रिस्ताव गावड्यांतून हिंदू झाली. ते काही सेक्युलर चळवळीचे काम नव्हते. तरी माझे मत असे की 1910 नंतर धर्म बदलायला कायद्याची आडकाठी उरली नव्हती, म्हणूनच हजारो माणसांना ते उघडपणे करता आले.

पण आमच्या घरात सांगतात ते असे. आधी चर्चने सांगितले, धालो हा बायकांचा नाचगाण्याचा खेळ खेळू नका, ते सैतानाचे. नंतर शुद्धीवाल्यांनी सांगितले, गळ्यातला क्रूस काढा, मटण सोडा, सण असे करा, तसे करा. जवळच्या जुन्या हिंदू समाजाने मात्र आपल्यात घेतलेच नाही, म्हणून आम्ही ‘नव’ हिंदूच राहिलो, आजतागायत. मुक्तीनंतर शाळेत बाई म्हणायच्या, हे धालो-बिलो अडाणीपणा, अभ्यास करा. आता सांस्कृतिक खाते स्टेजवर धालो बसवते, आठ मिनिटांत, नवीन साड्या देऊन. या सगळ्यांत पणजीला, आजीला कोणी विचारले नाही की तुला काय हवे.

धालो म्हणजे पौषातल्या रात्री मांडावर, म्हणजे वाड्याच्या ठरलेल्या पवित्र अंगणात, बायकांनी जमायचे. तिथे पुरुष येत नाहीत. दोन रांगा समोरासमोर, एकमेकींच्या कमरेत हात, पुढे वाकून मागे सरायचे आणि गाणे एका रांगेने म्हटले की दुसरीने उचलायचे. ज्या सुनेला दिवसभर तोंड उघडता येत नाही ती त्या रात्री सासूसमोर गाण्यातून बोलते. दारुड्या नवऱ्याचे नाव न घेता त्याची गोष्ट सांगते आणि सगळ्या वाड्याला कळते कोणाबद्दल चालले आहे. हे बंद पाडणाऱ्या प्रत्येकाला वाटत होते की तो आम्हाला वर आणतो आहे. मला शाळेने वर आणले हे मी छाती ठोकून सांगते, बाईंचे उपकार विसरणार नाही. पण त्यासाठी मांड मोडायची गरज नव्हती. दिवसा शाळा आणि रात्री मांड, यांत एकमेकांच्या आड येणारे काय होते?

*

विवेकवाट

ताई, हे वाचून मी काही काळ थांबलो. आमच्या शिबिरांत हे कधी बोलले गेले नाही. तुम्ही याच्यावर स्वतंत्र लिहावे अशी मनापासून विनंती.

*

सत्तरीचा पान

देवरायांबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडे. नानोड्याला बांबरची निरंकाराची राय आहे. खाली चिखलपाणी, झाडांची मुळे गुडघ्यांसारखी वाकून पाण्याबाहेर आलेली, रानजायफळाची दलदल. असे जंगल देशात फार थोड्या जागी उरले आहे. ते उरले कारण निरंकाराच्या रायीतली काटकी तोडायची नाही असा गावाचा दंडक. केरीला आजोबाच्या तळीची राय तशीच. जंगलखाते इथे पोचायच्या आधी कितीतरी वर्षे ही राखण चालू होती.

गंमत नाही, दुःख आहे, की मुक्तीनंतर विकास म्हणून जे आले त्यात सरकारी कागदावर या राया कुठे ‘वन’, कुठे ‘खासगी’, कुठे खाणीच्या पट्ट्यात. 1987 साली पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणींच्या सनदांचे लीजमध्ये रूपांतर झाले, तेव्हा त्या पट्ट्यात कोणाचा देव बसला आहे हे विचारायचा रकानाच नव्हता. केपें तालुक्यातल्या कावऱ्याच्या लोकांनी खाणीविरुद्ध एवढा झगडा दिला त्याच्या मुळाशी डोंगर, झरा आणि देव तिन्ही आहेत. मायोंची मूर्ती कोणी काडी लावून जाळली. आपल्याकडे काडी लागत नाही, सर्व्हे नंबर पुरतो.

*

साळावलीपार

सत्तरीचा पान यांच्याशी सहमत. माझे आजोळ कुर्डी. साळावली धरणात गाव गेला, लोक वाडे आणि वाळकिणी या गावांत वसवले. दर मे महिन्यात पाणी उतरते, सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते, कपेलाची, म्हणजे छोट्या चर्चची, जागा दिसते, आणि हिंदू-ख्रिस्ताव दोघेही आपापला उत्सव करायला तिथे जातात. धरणाचे पाणी अर्ध्या गोव्याने प्यायले, ते चांगलेच झाले. पण नुकसानभरपाईच्या तक्त्यात घर, माड, काजू यांना दर होता. गावाच्या मांडाला आणि राखणदार देवाला दर नव्हता, म्हणून ते तक्त्यात आलेच नाहीत.

*

डिचोलीचा वाचक

बोलण्याने मन जड झाले, पण धागा योग्य जागी आला. डोंगरवाट, आता एक व्यवहाराचे विचारतो. 2003 साली कुणबी, गावडा, वेळीप यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. 2006 चा वनहक्क कायदा आहे. त्यात तुमच्या त्या राया, कुमेरीच्या जागा येत नाहीत का?

*

डोंगरवाट

येतात, दादा. आणि इथे मला कायद्याबद्दल चांगले बोलायचे आहे, कारण हा पहिला कायदा आहे ज्यात आमच्या म्हाताऱ्यांचे तोंडी बोलणे पुरावा म्हणून धरतात. दावेदार सोडून दुसऱ्या ज्येष्ठ माणसाचा जबाब लिहून घ्यायचा, तो चालतो. विहीर, स्मशान, देवाची जागा, हेही पुरावे म्हणून नियमांत लिहिलेले आहेत. पंच्याहत्तर वर्षांचा दाखला अनुसूचित जमातीला लागत नाही, 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा ताबा दाखवायचा.

आमच्याकडे घरटी दावे भरले गेले. बरेच वर्षानुवर्षे पडून आहेत. पण सामूहिक दावा, नमुना ब आणि नमुना क, त्याकडे कोणी फारसे बघितले नाही. सगळ्यांना आपला काजूचा तुकडा नावावर हवा, ते साहजिक आहे. भीती अशी की तुकडे नावावर होतील आणि राय, मांड, झरा, गुरांची वाट कोणाच्याच नावावर राहणार नाहीत. मास्तरांनी मेक्सिकोच्या 1856 चे लिहिले ते वाचताना मला हेच आठवत होते.

*

कुशावतीकाठ

अगदी हीच गोष्ट. वैयक्तिक दावा सोडू नका, पण सामूहिक दावा त्याच्या आधी किंवा बरोबरीने जायला हवा. वनहक्क समिती 10 ते 15 जणांची असते, ती वाड्याच्या ग्रामसभेने निवडायची. दावा मंजूर करणाऱ्या सभेला निम्मी हजेरी लागते आणि बायकांची हजेरी त्यात मोजतात. चांदराच्या लेकीने लिहिले ते लक्षात ठेवून मांडाची जागा बायकांच्याच जबाबावर नोंदवा. त्यांच्याइतकी ती कोणाला ठाऊक?

मी दहावीच्या मुलांना घेऊन म्हाताऱ्यांचे जबाब लिहून द्यायला येऊ शकतो. मराठीत लिहू, खाली अंगठा किंवा सही, दोन साक्षीदार.

*

सत्तरीचा पान

मोबाइलवर जीपीएसने हद्द फिरून नकाशा कसा काढायचा ते मला येते. आमच्या दोन रायांचा मीच काढला. पाऊस थांबला की येतो. पावसात राईच्या आत सिग्नल धरत नाही.

*

डोंगरवाट

या दोघेही. नव्याच्या पुनवेनंतर या, तेव्हा अख्खा वाडा घरी असतो आणि म्हातारी माणसे बोलायच्या मनःस्थितीत असतात. कुमेरीचे जुने उतार अजून नावाने ठाऊक असलेला एकच माणूस आमच्याकडे उरला आहे, चालायला त्रास होतो, त्याला खुर्चीवर बसवून डोंगरावर न्यावे लागेल. आमची पोरे नेतील. निवासी दाखल्यांच्या प्रती आणि मतदार यादी मी पंचायतीतून काढून ठेवतो. चांदराच्या ताई, मांडाच्या जबाबासाठी तुम्ही आलात तर आमच्या बायका मोकळेपणाने बोलतील. व्यक्तिगत निरोपात पत्ता पाठवतो.

*

चांदराची लेक

येते. आईलाही आणते. काणकोणच्या धालोंतली गाणी आमच्यापेक्षा वेगळी असतात म्हणे, तिला ती ऐकायची आहेत.